जे दिसलं तेवढंच

नदीन बेलांजर म्हणाली, निदान करू नकोस, ते डॉक्टरचं काम.
कायदा सांगू नकोस, ते माझं.
तू जे दिसलं तेवढंच लिही.
तारीख आठवली तर तारीख, नाहीतर ऋतू.

तिचं ऑफिस गळ-दोऱ्यांच्या दुकानाच्या माडीवर,
जिन्यात जिवंत आमिषाचा वास.
जिंकलो तर थकबाकीतला पाचवा हिस्सा तिचा,
हरलो तर तिला काही नाही.

नकारपत्र मला पावाच्या डब्यामागे सापडलं होतं,
न फोडलेलं, आठ महिने जुनं.
अपिलाला मुदत वर्षाची.
"सेवाकाळातील नोंदींमध्ये तक्रार आढळून येत नाही."
आर्विड म्हणाला, बरोबर आहे त्यांचं.
पुढच्या ट्रकमधल्या पोराला कोपरापुढे हात नव्हते,
आणि मी कान वाजतात म्हणून
त्याच तंबूबाहेर रांग लावू?

तर लिहिते.
मी कोरीन लाहती, वय एकोणपन्नास, राहणार डुलुथ, मिनेसोटा.
सात वर्षं माझा नवरा गॅरेजमधल्या खुर्चीत झोपतो.
झोपतो म्हणजे बसतो.
रेडिओ दोन स्टेशनांच्या मधोमध लावून ठेवतो,
ती खरखर कानातल्या शिट्टीवर पांघरूण घालते, म्हणे.
(हे ऐकलेलं. दिसलेलं नाही. चालेल का, नदीनला विचारायचं.)

जुलै. लोहखनिजाचं जहाज पुलाखालून जाताना भोंगा देतं,
पूल भोंग्यानेच उत्तर देतो,
काठावरचं सगळं गाव हात हलवतं.
माझा नवरा फरसबंदीवर पालथा होता
आमच्या सेल्माला अंगाखाली घेऊन.
ती सहा वर्षांची. तिला खेळ वाटला, ती हसली.
मीही हसले.
लोक बघत होते.

हे शेवटचं लिहू की नको, यात एक दुपार गेली.

फॉर्मवर अकरा ओळी.
मी मागे लिहिलं, मग वहीची पानं जोडली.
दुकानात टाळी वाजावी तसा फळीचा आवाज झाला
आणि भरलेली ढकलगाडी तिथेच सोडून तो निघून गेला, ते.
सेल्माच्या शाळेच्या गाण्याला बाहेर पार्किंगमध्ये, गाडीत, इंजिन चालू ठेवून, ते.
फटाक्यांच्या रात्री तळघरात, बॉयलरच्या मागे,
तो आणि आमची कुत्री रस्टी
एका ब्लँकेटखाली, कोण कुणाला धरून आहे
कळत नव्हतं, ते.

नदीन म्हणते, आपल्याला सिद्ध नाही करायचं.
तराजूची पारडी समसमान झाली तरी पुरे,
मग संशयाचा फायदा शिपायाला.
संशयाचा फायदा!
मला वाटायचं, तो आरोपीला देतात.
आर्विड खिडकीबाहेर गोठलेल्या तळ्याकडे बघत म्हणाला,
बरोबर वाटतं तुला.

काल रात्री त्याला वाचायला दिलं.
द्यायलाच हवं, नदीनची अट.
चष्मा लावून, सुट्या भागांची यादी तपासावी तसं
ओळीखाली बोट धरून वाचत गेला.
मी तोवर एकच भांडं चार वेळा विसळलं.

फळीपाशी थांबला नाही.
पुलापाशी थांबला नाही,
किंवा थांबला असेल, माझी पाठ होती.

मग म्हणाला, चुकलंय.
ही रस्टी नव्हे. रस्टी त्या वसंतातच गेली.
ही पेनी.
मी खोडून पेनी लिहिलं,
समासात सही केली, नदीनने शिकवल्याप्रमाणे.

त्याने पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.
म्हणजे तू त्या रात्री जिन्यात होतीस?

हो, म्हटलं. वरून चौथ्या पायरीवर.
दिवा लावला नव्हता.

बराच वेळ फ्रिजची घरघर.
मग पेन माझ्याकडे सरकवत म्हणाला,
तेही लिही.