सावलीकडची बाजू

ओदिल्ला आठवडाभर शाळेची बस चालवते,
म्हणून तिला ठाऊक असतं
जानेवारीत कुठल्या वळणावर डांबर फसवतं.
"गुळगुळीत दिसलं की भ्यायचं," ती म्हणते
आणि बेकरीच्या पायरीशी उकिडवी बसून
दोन्ही टायरांतली हवा थोडी थोडी सोडते,
कान लावून,
दूध उतू जायच्या आधीचा आवाज टिपावा तशी.

कार्नियाचं खोरं अजून निळंच.
घरांच्या भिंतींना टेकून छपरापर्यंत रचलेली लाकडं,
धुराच्या सरळ रेघा,
आणि कोंबडा एकच, तोही उशिरा उठलेला.

पहिले सहा किलोमीटर पक्का रस्ता.
श्वास पुढे, आम्ही मागे.
तिसऱ्या किलोमीटरला बाटलीतलं पाणी
आतल्या आत खुळखुळायला लागलं, काचेच्या तुकड्यांसारखं.
पुलाशी ओदिल्ला न बोलता उतरली. मीही.
त्या काळ्या चकचकीत पट्ट्यावरून
सायकली हाताने धरून गेलो,
झोपलेल्या अनोळखी कुत्र्याजवळून जावं तसे.

मग डांबर संपलं.
पैसे संपले असतील, किंवा मुकादम, किंवा निवडणूक.
एक तुटकी काळी कड आणि पुढे खडी,
पांढरी, चुनखडीची, रात्रीच्या थंडीने घट्ट बसलेली.
चाकांखाली ती फुटाण्यांसारखी कडकडली
आणि मला हायसं वाटलं.
इथे दगड लपून बसत नाहीत.

चढावर माणूस काहीतरी मोजतो.
मी चर मोजले,
पाण्याला वाट द्यायला रस्त्यात तिरपे गाडलेले लाकडी चर.
अकरा स्वच्छ, कोपऱ्यापर्यंत खरवडलेले.
बारावा अर्धा.
तेराव्यापासून वर सगळे बीचच्या पानांनी तुंबलेले,
गोठून एकेकाची वडी झालेली.
तेव्हा वाटलं, इथून वर दुसऱ्या गावची हद्द असेल.

खिंडीखाली जेलिंदाबाईंची खानावळ हिवाळ्यात बंद असते,
पण चूल बंद नसते.
"वर गुडघाभर आहे," त्या म्हणाल्या.
आम्ही तरी चार वळणं गेलो,
दोन चालवत, दोन ढकलत,
आणि चाकापेक्षा बूट जास्त रुतू लागले तेव्हा
एकमेकांकडे न बघता सायकली वळवल्या.

परत आलो तर त्यांनी कढणाचे वाडगे तयारच ठेवले होते.
उतारासाठी वर्तमानपत्र दिलं, घडी करून
जर्सीच्या आत छातीवर ठेवायला;
इथे सगळे असंच करतात.
घडीच्या वरच्या बाजूला चौकटीत एक म्हातारा,
टोपी, एक डोळा उन्हामुळे मिटलेला.
एर्माकोरा प्लोत्सेर, वय एक्क्याण्णव.
"रस्त्याचा माणूस," जेलिंदाबाई म्हणाल्या.
"निवृत्त होऊन तीस वर्षं झाली.
पंचायतीने हा रस्ता आपल्या यादीतून काढला,
ते त्याला कुणी कळवलंच नाही.
कळवलं असेल. त्याला ऐकू कमी यायचं."
आणि ओल्या फडक्याने टेबल पुसलं,
पुसलेलंच पुन्हा.

उताराला बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत
हे डोळ्यांनी बघावं लागलं.
नाक वाहत होतं, पुसायला हात कुठला काढणार.
छातीशी कागद चुरचुरत होता
आणि खरं सांगायचं तर ऊब चांगली देत होता.

बाराव्या चराशी ओदिल्लाने सायकल आडवी घातली.
फावडं शोधलं. नव्हतं.
मग टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने
ती बर्फाळलेली पानं उचकटू लागली.
पट्टी मोडली. दुसरी माझी होती.
वीतभर निघालं असेल,
तोवर ऊन समोरच्या डोंगरावर चढून गेलं
आणि आमची बाजू सावलीत आली.

"सोमवारी बस आहे," ती म्हणाली,
हात काखेत खुपसून, दात वाजत.
"मंगळवारीही आहे."
थोड्या वेळाने म्हणाली, "बुधवारी मुलांना अर्धी शाळा."

खालच्या पुलाशी आम्ही पुन्हा उतरलो.
तिथे अजून सकाळच होती.