पहिल्या पार्टीला निघालेल्या टेगनला

टेगन, लवकर नीघ.
डुलुथमध्ये डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं,
आणि गाडीत गारठलेल्या केबलींना
सैल व्हायला वेळ लागतो,
माणसांसारखाच.

जेवण चालू असेतो आवाज इतकाच ठेव
की काट्या-सुऱ्यांची कुरबुर ऐकू यावी.
विमा कंपनीची माणसं ती,
वर्षभर दुसऱ्यांच्या पडझडीचे हिशेब मांडलेली.
लगेच कशी नाचतील?

साहेबांचं भाषण लांबेल. लांबू दे.
माइकची जादा बॅटरी मात्र
आतल्या खिशात ठेव, छातीशी.
थंडीत त्या मान टाकतात.

शिव्यांची गाणी घरी ठेव.
तुझी आवडतीही.
हे दुसरं जड जाईल.

आधी उठतील ती तरुण पोरं नव्हेत.
क्लेम्स विभागातली व्हर्ना उठेल,
किंवा तिच्यासारखी कुणी:
गुडघ्याला पट्टा, डोक्यावर कागदी मुकुट,
एकटी.
तेव्हा गाणं बदलू नकोस.
फ्लोअर रिकामा दिसेल, बोटं शिवशिवतील,
तरी नाही.

मी बदललं होतं एकदा,
सत्त्याण्णव साली, कागद गिरणीच्या पार्टीत.
ती बाई वाटेतच थबकली
आणि खुर्चीवरची पर्स चाचपू लागली,
जणू त्यासाठीच उठली होती.

बाकी काय,
एक्स्टेन्शन दोन घे.
चेक निघण्याआधी माग;
‘पोस्टाने पाठवतो’ म्हणणारे अजून पाठवताहेत.
आणि शेवटचं गाणं जरा लांब लाव.
बाहेर सगळ्यांना
आपापल्या काचेवरचा बर्फ
एकेकट्यानेच खरवडायचा असतो.