रकाना अकरा

मे महिना, साडेदहा वाजलेत,
मैदानाचं डांबर बुटाचा तळ सोडत नाही.
रांगेत चौदा ऑटो, दोन स्कूलबस,
रिकाम्या क्रेटांचा एक टेम्पो, अजून संत्र्याच्या वासाचा,
आणि मध्येच ही मॉरिस,
ताकाच्या रंगाची, माझ्या आईहून मोठी.

मालक हंसराज गजघाटे. डोक्याला ओला दुपट्टा.
कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत.

पुढचे छोटे दिवे बघायचे होते.
नागपूरच्या उन्हात दिवा लागलाय की नाही
हे ऊनच सांगू देत नाही.
मी वाकले, दोन्ही तळव्यांचा आडोसा केला
आणि विहिरीत बघावं तसं आत पाहिलं :
तळाशी होता,
हळदीच्या बोटाएवढा.
दुसराही होता. टिक. टिक.

मग रकाना अकरा. दिशादर्शक दिवे :
लुकलुकतात / लुकलुकत नाहीत.
लागू नसेल ते खोडा.

"उजवीकडे वळायचंय," मी म्हटलं.
आत खट् झालं.
दाराच्या मागच्या खांबातून, एका फटीतून,
केशरी हात बाहेर आला, आडवा झाला, थोडा थरथरला
आणि राहिला तसाच,
छडीसाठी पुढे केलेल्या हातासारखा.
लुकलुकला नाही.
लुकलुकणं त्याच्या जन्मानंतरचं.

"डावीकडे."
काही नाही.
"येते मॅडम, थोडा टाइम घेते तो."
गजघाट्यांनी आतून खांबाला बुक्की मारली.
हात अर्धा आला. लोंबला.
"काहून बाप्पा, आजच काहून?"
आणखी एक बुक्की. मग पूर्ण.

मी नियमांची वही चाळत होते.
जुन्या गाडीला जुनंच चालावं, असं मनात होतं,
तसं वाक्य कुठे सापडतं का बघत होते.
मागे स्कूलबसचा हॉर्न.

तेव्हा ते म्हणाले :
"मी नॅरोगेजच्या केबिनमधला. एकतीस वर्षं लिव्हर वढले.
उन्हाळ्यात तार सैल पडते,
तिकडे लांब सिग्नलचा हात अर्धाच हलते.
ना वर, ना खाली.
ड्रायव्हरनं काय समजावं मंग?"

मला माहीत नव्हतं.

"थांबा. अर्धवट म्हंजे थांबा.
गाडी लेट झाली तरी चालते.
हात काढले त्यायनं सारे, दिवे लावले,
म्हून ही घेतली म्या. हिला हात होते."

मग खांबावर बुक्कीच्या जागी,
जिथला रंग उडून पत्रा दिसत होता, तिथे बोट ठेवून :
"डाव्याला नापास करा तुमी.
तो माह्या बुक्कीनं उठते, मॅडम.
उद्या नातीनं चालवली तर?"

मी दोन्हीपैकी काहीच खोडलं नाही.
बाजूला लिहिलं : उजवा उठतो. डावा, मालक असेल तर.
पंधरा दिवसांनी परत.

फाटकातून त्यांना डावीकडेच जायचं होतं.
काच खाली, उजवा हात बाहेर,
कोपरापासून हवेत सावकाश गोल गोल,
लायसन्सच्या तोंडी परीक्षेत मी रोज विचारते
आणि रस्त्यावर कधीच पाहिली नव्हती ती खूण.

मागचा ऑटोवाला थांबला.
कळलं म्हणून, की काहीच कळलं नाही म्हणून,
इथून दिसलं नाही.
थांबला, एवढं खरं.