पांढरी पाच, जराशी वर

गाणं सुरू व्हायच्या आधी मला हाक मारत
एसी बंद करायला.
रिमोटने नाही. रिमोटने नुसता पंखा थांबतो,
भिंतीआडचा कॉम्प्रेसर मिनिटभर कण्हत राहतो
आणि माइकला कण्हणं आधी ऐकू येतं,
गळा नंतर.

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
खाली अस्लमभाईंचं सोफ्याचं दुकान,
वर ही खोली. भिंतींना त्यांच्याकडचा उरलेला फोम,
दाराला दोन ब्लँकेटं,
खिडकीत आरामखुर्चीची फाटकी पाठ.
शलाका चुरी, केळव्याची,
आठवडाभर चौथीच्या पोरांना बाष्पीभवन शिकवते
आणि शुक्रवारी इथे येऊन ते स्वतः करून बघते.

ऑगस्टात बिनएसीची खोली
चार मिनिटं माणसाची असते,
पाचव्या मिनिटापासून भट्टीची.
म्हणून या अल्बमातली पहिली आठ गाणी
चार मिनिटांच्या आत संपतात.
लोक म्हणतील, शैली. म्हणोत बापडे.
तिसऱ्या गाण्यात ती ‘परत’ हा शब्द
एवढ्या घाईने का टाकून देते, मला ठाऊक आहे.
घाम डोळ्यात गेला होता.

मला गाण्यातलं कळत नाही.
एक गाणं पानवेलीचं होतं, एक लिफ्टमधल्या आरशाचं,
एक बॅगेवरून न निघणाऱ्या स्टिकरचं,
ते ऐकून अस्लमभाई उगाच खाली जाऊन आले.
मला मशिनं कळतात.
गॅस उतरला की युनिट कसं फुसफुसतं,
बेअरिंग गेलं की झोपेत दात खातं.
छपरावरची बारा युनिटं मी डोळे मिटून ओळखतो,
जशी आई आमच्या वायंगणीत
चालण्यावरून गुरं ओळखायची.

नववं गाणं काही केल्या बसेना.
सप्टेंबर लागला. फोमचा एक तुकडा भिंतीवरून गळून पडला,
कुणी परत लावला नाही.
मी ब्रेकरवर हात ठेवून उभा,
ती म्हणाली, “दिगंबरदादा, थांबा.
याचा सूर कोणता?”
म्हटलं, सूर कसला मॅडम, पन्नास हर्ट्झची लाइन आहे.
तिने गिटारला कान लावला, खुंट्या पिळल्या,
एक तार, दुसरी, मग साऱ्या,
“पांढरी पाच,” म्हणाली, “जराशी वर.
आज बंद करू नका.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा
काही न करण्याचं काम माझ्याकडे आलं.
हात कुठे ठेवावेत कळेना.

मागच्या गल्लीत एसीच्या पाइपांतून पाणी ठिबकतं,
त्यावर मांजरं जगतात,
त्यांचं गाणं ते.
खोली गार होती. तिला कसलीच घाई नव्हती.
चार मिनिटं गेली, पाच गेली,
माझा कॉम्प्रेसर खाली सूर धरून बसलेला,
देवळाच्या पायरीवर म्हातारा बसतो तसा,
आणि सहाव्या मिनिटाला
खट्.
थर्मोस्टॅट पडला.
तिने मान वर केली नाही.
जरा वेळ काहीच नाही,
मग शेवटची ओळ, नुसत्या गळ्याने.

आता सगळे विचारतात, ती शांतता कुणाला सुचली.
त्या दिवशी चोविसावर कुणी ठेवलं होतं,
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
मलाही नीट आठवत नाही, असं मी धरून चालतो.

अल्बमवर शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत आहे:
एसी, दिगंबर वायंगणकर.
आईला फोनवर ऐकवलं.
“तू खंय गातंस ह्याच्यात?”
म्हटलं, गप ऱ्हव, सव्या मिनटाक ऐक.
ती ऐकत राहिली.
खट् झालं.
तिकडून आवाज आला,
“हॅलो?
हॅलो, आसस मां?”