एकच व्यक्ती

पौर्णिमाच्या अर्जाला उत्तर आलंय, तिकडं, ओहायोत.
तिनं ते फोनवर वाचून दाखवलं, मराठी करत, अडखळत:
नामंजूर करण्याचा आमचा इरादा आहे.
इरादा.
जसं कुणी दार लावायला उठलंय
आणि अजून चपला शोधतंय.
तीस दिवस आहेत म्हणे.

भानगड एवढीच, की पोरीच्या जन्मदाखल्यावर
आई म्हणून लिहिलीय देवकी,
आणि पासपोर्टात मी, शैलजा वामन हेडाऊ.
ही देवकी कोण, विचारतात साहेब.

पहिलं बाळंतपण माहेरी, तांडापेठेत.
महापालिकेत नोंद करायला बाबा गेले,
हाताला मागाची खळ तशीच.
बाबूनं आईचं नाव विचारलं
तेव्हा तोंडून निघालं तेच,
जे अंगणातून हाक मारताना निघायचं.
सासरचं नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही.

ते नाव ताटातल्या तांदळात लिहिलं होतं, अंगठीनं.
दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला.
अडतीस वर्षं कुणी त्याचा कागद मागितला नाही.

सिव्हिल लाइन्समध्ये, कोर्टाजवळच्या टिनाखाली
मेश्राम वकील टाइप करून घेतात:
दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.
मे महिना. शिक्क्याची गादी दर कागदाला सुकते.
म्हणाले, दोन सह्या करा काकू, जुनी अन् नवी.
नवी झाली झरझर, गॅसच्या पावतीवर होते तशी.
जुनी 'व'पाशी थांबली.
पुढच्या वेलांटीला मी तेव्हा
गाठ मारायचे ना?

साक्षीला गिरजाबाई धकाते,
वय ब्याऐंशी, ई-रिक्षातून दोघांनी उतरवलेली.
तिला सगळा कागद वाचून दाखवला.
तिनं कागदाकडं पाहिलंच नाही.
"काहून एवढं लिहून राह्यले बाप्पा?
हे तं आपली देवकीच व्हय.
पाहा ना, आताबी पदर दातात धरून उभी हाय."

मी पदर सोडला.
वकिलांनी तिचा अंगठा शाईत दाबला.

रात्री पौर्णिमाचा फोन.
स्कॅन मिळालं, आई. अंगठा जरा पुसट आहे, चालेल.
मग थोडं थांबून:
ही वरची सही कुणाची गं?

म्हटलं, थांब,
कूलरमध्ये पाणी टाकून येते.