मुस्ताबु

विडीच्या कार्डाला फोटो हवा
म्हणून लच्चव्वा नटली.
नटली म्हटलं की चिडते:
नटतात त्या तमाशातल्या. मी नीट झाले.
सून म्हणाली, सजलात की.
मल्लम्मा तिच्या कानडीत सिंगार का काय म्हणाली,
बोळातली पोरं ओरडली, आज्जी टकाटक!

तिचा शब्द निराळा.
मुस्ताबु.
शेवटचा नवऱ्याच्या तोंडून ऐकलेला,
पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी, दारात,
आणि तिनं तेव्हाही म्हटलेलं, गप बसा.

तंबाखूच्या बोटांनीच पावडर लावलीय,
दाजी पेठेतल्या स्टुडिओत दोनदा शिंकली.
मान सरळ, अंबादास म्हणतो,
कानातलं दिसू दे.

कार्ड आलं.
साहेबाचा जांभळा शिक्का बरोबर तोंडावर.
कानातलं तेवढं
बाहेर राहिलंय.