चौसष्ट अक्षरं

जेलरोडच्या दुकानाचं शटर अर्धं खाली,
थंडी नऊ अंशांवर,
आणि दगूनाना गांगुर्डे मांडीवर सीपीयू घेऊन
पाहुण्याचं मूल घेतल्यासारखे अवघडून बसलेत.
"पोरी, हा उठतच नाही."

काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ:
जिच्यावरून उठावं असं काही सापडलं नाही.

नातवानं फोनवर सांगितलं म्हणून
शेजारच्या लॅपटॉपवरून लिनक्सची फाईल
त्यांनी पेनड्राइव्हमध्ये टाकून आणली होती.
टाकली म्हणजे टाकलीच,
पेटीत पत्र टाकावं तशी.
"नाना, नुसती ठेवून भागत नाही,
पहिल्या कणापासून उतरवावी लागते.
डब्यात पीठ आहे म्हणजे भाकरी झाली का?"
नाना हसले नाहीत.

मी फाईल नव्यानं घेतली, तिची खूण काढली,
साईटवरच्या खुणेशेजारी ठेवली.
पहिली चार अक्षरं, शेवटची चार.
जुळलं. चला.

"थांब."
खिशातून चष्मा आला, चष्म्याच्या घरातून फडकं.
"चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे नंबर बघितले.
पहिली चार खोटीचीही जुळतात."
मी म्हटलं, इथं तसं नसतं नाना,
एक ठिपका हलला तरी अख्खी ओळ पालटते.
"वाच."

वाचलं मग.
सात, एफ, तीन, तीन, ए, शून्य,
त्यांचं बोट काचेपासून वीतभर लांब,
ओठ न हलवता मोजणारं.
चौसष्टाव्यावर त्यांनी मान हलवली,
जणू गड्डी आता पुढच्या टेबलावर जाऊ दे.

आता ती आज्ञा.
डीडी. दोन अक्षरांची, आणि
'नक्की ना?' असं कधीच न विचारणारी.
एसडीए म्हणजे माझी डिस्क,
एसडीबी म्हणजे पेनड्राइव्ह,
आज तरी.
दोन वर्षांपूर्वी लाईट जाऊन आली
आणि नावांची अदलाबदल झाली,
मी बघितलं नाही.
उपनगरच्या एका बाईंच्या शिवणक्लासचा हिशोब गेला
आणि त्यांच्या नवऱ्याचा आवाज,
जो तेवढ्या एका डिस्कवरच उरला होता.
बाई काही बोलल्या नाहीत.
पर्स उघडून विचारलं, किती झाले?

म्हणून मी यादी काढते. साईज बघते.
पेनड्राइव्ह उपसते, कुठलं नाव गायब होतं ते बघते,
परत लावते, परत यादी.
नानांना यातलं काही सांगितलं नव्हतं.
ते माझ्या बोटांकडे बघत म्हणाले,
"घाई नाहीये."

आकडा पूर्ण झाला तरी दिवा लुकलुकत होता.
"झालं की."
"झालं म्हणतंय, पण लिहून व्हायचंय अजून."
सिंक म्हटलं आणि दोघं बसलो.
सिन्नरकडे एक रिकामी बस गेली.
समोरच्या टपरीवाल्यानं स्टोव्ह विझवला.

लावला. एफ बारा.
पुन्हा तीच पांढरी ओळ.

सेटिंग बघितली, क्रम बदलला,
सिक्युअर बूट तर या मशीनच्या जन्मानंतरचं.
शेवटी पुढचं पोर्ट सोडून मागचं घेतलं,
आतली जाळी फुंकली,
आणि उठलं.

न बसवता वापरून पाहा, म्हणालं. पाहिलं.
जुनी डिस्क शाबूत होती.
नानांनी माऊस स्वतः धरला, एकच फाईल उघडली,
नाव: चुका.
तारीख, नोटेची मालिका, नजरेतून काय सुटलं.
चौतीस वर्षांत एकोणीस ओळी.
"साहेबांनी मागितली नव्हती," ते म्हणाले,
"मीच ठेवली."

मग मी उपनगरच्या बाईंचं सांगितलं.
ते ऐकत होते की नाही कळेना.

मशीन बंद होताना पडद्यावर आलं:
माध्यम काढा आणि एंटर दाबा.
नानांनी पेनड्राइव्ह काढला,
सवयीनं ट्यूबलाईटसमोर धरला,
एक डोळा मिटून आरपार बघितलं,
काहीच दिसण्यासारखं नव्हतं.

"लिहून ठेव तू पण," म्हणाले.
"तारखेसकट."